निरोगी पुरुषत्वावर काम करणाऱ्या संस्थेचं ब्रँडिंग आणि डिजिटल धोरण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिंसा, राग, बापपण, मैत्री, मानसिक आरोग्य अशा विषयांवर मुलग्यांशी आणि पुरुषांशी बोलणाऱ्या संस्थांचं काम प्रत्यक्ष गटात बसून पाहिलं तर भारावून जायला होतं. तेच काम वेबसाइटवर आणि समाजमाध्यमांवर मात्र ओळखूही येत नाही. ही दरी कशी भरायची, याबद्दल संस्थाचालक, कार्यकर्ते आणि विश्वस्त पुन्हा पुन्हा जे विचारतात, ते इथे घेतलं आहे. उत्तरांत माझी ठाम मतं आहेत.

ब्रँडिंग म्हणजे बाजाराची भाषा. सेवाभावी संस्थेला ते हवंच कशाला?

संस्थेचं नाव ऐकल्यावर माणसाच्या मनात पहिल्यांदा जे येतं, तो तुमचा ब्रँड. तुम्ही त्याकडे लक्ष दिलं नाही तरी तो तयार होतोच, फक्त दुसऱ्यांच्या हातून होतो. आपल्या विषयात हे फार लवकर घडतं. पुरुषत्वाबद्दल बोलणारी संस्था म्हटलं की काहींना वाटतं, ही पुरुषांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणार. काहींना वाटतं, ही बायकांच्या विरोधातली. तुमचं पान उघडण्याआधीच हे दोन्ही समज झालेले असतात.

ते मोडायचे तर लोगो, रंग आणि टॅगलाइन मागे ठेवा. आधी ठरवा की पुरुषानं नेमकं काय करावं अशी तुमची मागणी आहे. मॉन्ट्रियलच्या एकोल पॉलिटेक्निकमध्ये ६ डिसेंबर १९८९ रोजी १४ स्त्रियांची हत्या झाली. त्यानंतर १९९१ मध्ये कॅनडातल्या काही पुरुषांनी व्हाइट रिबन मोहीम सुरू केली. मागणी एवढीच होती: पांढरी फीत लावा आणि शब्द द्या की स्त्रीवर हात उगारणार नाही, दुसऱ्यानं उगारलेला खपवून घेणार नाही, गप्प बसणार नाही. मेलबर्नमध्ये २००३ साली सुरू झालेल्या मोव्हेंबरनं नोव्हेंबरभर मिशी वाढवायला सांगितलं. पुढच्याच वर्षी तिला प्रोस्टेट कॅन्सरच्या निधीची जोड मिळाली, आणि कालांतरानं मानसिक आरोग्याचीही. मिशीबद्दल कुणी विचारलं की विषय आपोआप निघतो. ‘ब्रेकथ्रू’ या संस्थेच्या २००८ च्या ‘बेल बजाओ’ मोहिमेत शेजारच्या घरातून मारहाणीचा आवाज येतो, ऐकणारा उठतो, त्या दाराची बेल वाजवतो आणि कपभर दूध मागतो. त्या एका क्षणाच्या व्यत्ययानं मारणारा हात थांबतो.

या तिन्ही ठिकाणी माणसाला आज, स्वतःहून करता येईल असं काहीतरी आहे. ‘संवेदनशील पुरुष बना’ या वाक्यात तसं काहीच नाही. त्यामुळे ते कितीही सुंदर अक्षरांत लिहिलं तरी त्यातून ओळख तयार होत नाही.

आमचं काम सगळ्याच पुरुषांसाठी आहे. मग एखादाच गट का निवडायचा?

काम सगळ्यांसाठी असू द्या, पण वाक्य कुणा एकासाठीच लिहिता येतं. नुकता बाप झालेला माणूस, शाळेच्या संघाचा प्रशिक्षक, घटस्फोटानंतर एकटा पडलेला पन्नाशीतला गृहस्थ, जिममध्ये जाणारा अठरा वर्षांचा मुलगा. या चौघांची दुखरी जागा वेगळी आणि फोन हातात घेण्याची वेळही वेगळी.

शोधपट्टीत तो काय टाइप करतो, ते पाहिलं की हे पटतं. ‘निरोगी पुरुषत्व’ असं कुणीही शोधत नाही. रात्री दोन वाजता माणूस लिहितो: ‘राग आला की आवरत नाही’, ‘बायको बोलतच नाही’, ‘मुलाला मारलं आता वाईट वाटतंय’, ‘मित्र उरले नाहीत’. तुमच्या वेबसाइटची शीर्षकं ही अशी हवीत. त्यासाठी महागड्या सर्वेक्षणाची गरज नाही. गट चालवणाऱ्या कार्यकर्त्यांसोबत एक दुपार बसा आणि पुरुष त्यांच्यासमोर जे बोलतात ते जसंच्या तसं वहीत उतरवून घ्या, नावं गाळून. व्याकरण सुधारू नका. ब्रँडिंगचं काम करून देणाऱ्या एजन्सीला तुम्ही देणार असलेल्या कागदांपैकी सगळ्यात मोलाचा कागद तोच.

देणगीदार आणि सहयोगी संस्था यांच्यासाठी वेगळं पान ठेवा. ‘लिंगभाव परिवर्तनकारी हस्तक्षेप’ असा जड शब्दप्रयोग तिथे चालेल. मुखपृष्ठावर तो आला की ज्याच्यासाठी संस्था काढली तो माणूस परत जातो.

‘विषारी मर्दानगी’ हे शब्द प्रचारात वापरावेत का?

अभ्यासात आणि प्रशिक्षणात हरकत नाही. पहिल्या भेटीत वापरू नका. दादागिरी, हिंसा, भावना दाबून टाकणं अशा पुरुषांच्या हानिकारक वागण्याला दिलेलं ते नाव आहे, पण ऐकणाऱ्याच्या कानावर ते ‘तू विषारी आहेस’ असं पडतं, आणि त्यानंतर तो काहीही ऐकत नाही. जानेवारी २०१९ मध्ये जिलेटनं पुरुषांच्या वागण्यावर जाहिरात काढली. छळ आणि दादागिरी दाखवली, शेवटी मध्ये पडणारे चांगले पुरुषही दाखवले. यूट्यूबवर तिला पसंतीपेक्षा नापसंती कितीतरी जास्त मिळाली. त्या जाहिरातीतला आशय मला पटतो. पण आयुष्यभर दाढीचं सामान विकणाऱ्या कंपनीनं अचानक वागणूक शिकवायला घेतली, तेव्हा लोकांनी ‘तुम्ही कोण?’ असं विचारलं, आणि तो प्रश्न रास्त होता. तुमच्या संस्थेकडे या प्रश्नाचं उत्तर आहे, ते म्हणजे वर्षानुवर्षांचं जमिनीवरचं काम. ते आधी दाखवा, सल्ला नंतर द्या.

वागण्याला नाव ठेवा, माणसाला नको. ‘पुरुष ऐकून घेत नाहीत’ यापेक्षा ‘ती बोलत असताना मध्येच तोडलं, की पुढची गोष्ट ती सांगत नाही’ हे वाक्य जास्त खोल जातं. कारण त्यात त्याला स्वतःचं घर दिसतं.

मग हे गुळमुळीत बोलणं झालं, नाही का?

नाही. सौम्य सूर आणि सैल मूल्यं यांत फरक आहे. अमेरिकेतल्या ‘मेन कॅन स्टॉप रेप’ या संस्थेनं तरुणांसाठी जी पोस्टरं काढली त्यांचा गाभाच असा होता की माझी ताकद कुणाला इजा करण्यासाठी नाही. ताकद नाकारली नाही, तिचा उपयोग मात्र स्पष्ट सांगितला, आणि तोही संमतीच्या प्रश्नावर, कसलीही सूट न देता. मुंबईत १९९१ मध्ये एका पत्रकारानं वृत्तपत्रात जाहिरात दिली: बायकोला मारणं चूक आहे असं मानणारे पुरुष हवे आहेत. २०५ जणांनी उत्तर दिलं आणि त्यातूनच १९९३ मध्ये ‘मावा’, म्हणजे ‘मेन अगेन्स्ट व्हायोलन्स अँड अब्यूज’, ही संघटना उभी राहिली. त्या जाहिरातीनं मारणाऱ्यांना शिव्या दिल्या नाहीत. जे आधीपासून मनातून विरोधात होते पण एकटे होते, त्यांना हाक मारली. आपल्या क्षेत्रात लिहिलेली ही फार हुशार ओळ आहे असं मला वाटतं.

कठीण सत्य मात्र लपवू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे दर तीन स्त्रियांपैकी एकीला आयुष्यात शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसावी लागते, बहुतेक वेळा जोडीदाराकडून. त्याच संघटनेच्या २०१९ च्या आकड्यांनुसार आत्महत्येचं प्रमाण दर लाखामागे पुरुषांत १२.६ आणि स्त्रियांत ५.४ होतं. हे दोन्ही आकडे तुमच्या वेबसाइटवर एकाच पानावर असावेत. फक्त पहिला दिला तर पुरुष दूर जातात. फक्त दुसरा दिला तर संस्था हळूहळू ‘अन्याय पुरुषांवरच होतो’ म्हणणाऱ्या तक्रारखोरांच्या गोतावळ्यात ओढली जाते, आणि तिथून परत येणं फार अवघड.

स्त्रियांच्या संघटना आमच्याकडे संशयानं पाहतात. काय करावं?

संशयाला कारण आहे. निधी मर्यादित असतो. शिवाय पुरुषांनी थोडंसं काही केलं की त्यांचं कौतुक फार लवकर होतं. त्यामुळे ‘आम्हीही तुमच्यासोबत’ असं जाहीर करून भागत नाही. मोहिमेचा मसुदा प्रसिद्ध होण्याआधी त्यांना दाखवा, आणि त्यांचा आक्षेप आला तर मोहीम थांबवायचा अधिकार त्यांना खरोखर द्या. त्यांच्या वेळेचा मोबदला द्या. त्यांची हेल्पलाइन तुमच्या प्रत्येक पानावर ठळक ठेवा. व्यासपीठावर, व्हिडिओत, श्रेयनामावलीत पुढची जागा आपोआप पुरुषांकडे जाते का, हे दर तिमाहीला तपासा. विश्वास यायला वेळ लागतो. तो मागू नका.

लोगो, रंग, फोटो?

मुठी, सिंह, ढाली आणि स्नायू टाळा. उलट टोकाला जाऊन फिकट गुलाबी पानाफुलांत बुडवण्याचीही गरज नाही. वाचता येईल असा टाइप घ्या आणि अक्षर व पार्श्वभूमी यांच्यातला कॉन्ट्रास्ट किमान ४.५:१ ठेवा. कमी दिसणाऱ्यांनाही वाचता यावं यासाठीचा मान्य निकषच तो आहे, आणि उन्हात फोन धरून वाचणाऱ्या धडधाकट माणसालाही तो उपयोगी पडतो.

फोटोंवर मात्र पैसे खर्च करा. डोकं हातात धरून अंधारात बसलेला पुरुष, कोपऱ्यात घाबरलेली स्त्री, आणि हसऱ्या बाळाला हवेत उडवणारा बाप ही विकतची चित्रं सगळ्यांनी इतकी पाहिली आहेत की डोळा त्यावरून घसरून जातो. एखाद्या बापाचा मुलीची वेणी घालताना फोटो काढा. वेणी सैल झालेली, कंगवा दातात धरलेला, मुलगी कंटाळलेली. तिथे कॅप्शनही लागत नाही.

वेबसाइटवर आलेल्या माणसाला सर्वात आधी काय दिसावं?

बहुतेक जण फोनवरून येतात, म्हणजे तुमच्या हातात एक छोटा पडदा आहे. त्यावर तीन गोष्टी बसतात: त्याच्या भाषेतलं एक वाक्य, एक बटण, आणि संकटात असेल तर फोन करायचा दुवा. संस्थेचा इतिहास, ध्येय, दृष्टी, विश्वस्तांचे फोटो आणि पुरस्कार खाली सरकवा.

बटणावर ‘अधिक जाणून घ्या’ लिहू नका. ‘पुढच्या गटाची तारीख पाहा’, ‘नाव न सांगता विचारा’, ‘मुलाशी बोलायला कुठून सुरुवात करू?’ असं लिहा. फॉर्ममध्ये टोपणनाव चालू द्या. फोन नंबर सक्तीचा करू नका. पुरुषाला मदत मागताना लाज वाटते, आणि फॉर्ममधला प्रत्येक जास्तीचा रकाना ती वाढवतो.

हिंसेबद्दलच्या पानांवर चटकन बाहेर पडायचं बटण हवं, ज्यावर बोट लावताच हवामानासारखं एखादं साधं पान उघडेल. तुमची वेबसाइट फक्त पुरुष वाचतात असं समजू नका. ‘माझा नवरा असा वागतो’ म्हणून शोधत आलेली स्त्रीही तिथे असते, आणि फोन कदाचित नवऱ्याच्याच नजरेसमोर असतो. या बटणानं ब्राउझरचा इतिहास पुसला जात नाही, हे त्याच्या शेजारीच लिहा.

आम्ही कोणत्या माध्यमावर असावं? सगळीकडे पुरं पडणं शक्य नाही.

मग सगळीकडे असू नका. एक माध्यम लोकांना सापडण्यासाठी आणि एक त्यांना धरून ठेवण्यासाठी, एवढं पुरतं. छोटे व्हिडिओ अनोळखी माणसापर्यंत पोहोचतात. शोधातून येणारे लेख वर्षानुवर्षं चालतात. धरून ठेवायला व्हॉट्सॲप चॅनल किंवा ईमेल बरं, कारण तिथे तो एकटा असतो आणि मित्र पाहत नाहीत. या विषयावरची पोस्ट सगळ्यांसमोर लाइक करायला पुरुष कचरतात, पण गुपचूप सेव्ह करतात आणि एखाद्या मित्राला पाठवतात. म्हणून लाइक मोजत बसू नका, सेव्ह आणि खासगी शेअर पाहा.

आवाजाचं माध्यम या क्षेत्रात कमी वापरलं जातं, याचं मला आश्चर्य वाटतं. गाडी चालवताना किंवा व्यायाम करताना माणूस चाळीस मिनिटं दुसऱ्या पुरुषाचं बोलणं शांतपणे ऐकतो. समोरासमोर तो तेवढं ऐकेल याची खात्री नाही.

स्त्रीद्वेषी इन्फ्लुएन्सरना उत्तर द्यावं का?

नाव घेऊन देऊ नका. तुमच्या प्रत्येक उत्तराबरोबर त्यांचा चेहरा आणि नाव नव्या लोकांपर्यंत जातं. मुलं तिकडे का जातात ते पाहा: एकटेपणा, नकाराचं दुःख, पैशाची चिंता, शरीराबद्दलची लाज. ते लोक या चारही गोष्टींवर रोज बोलतात, आणि साधं बोलतात. त्यांचं निदान खोटं आहे, पण मुलाच्या दुखण्याकडे त्यांनी पाहिलं हे खरं आहे. आपल्या संस्था मात्र बऱ्याचदा फक्त स्त्रियांशी कसं वागावं यावरच बोलतात. ‘तिनं नाही म्हटलं, आता पुढचा आठवडा कसा काढू?’ याचं उत्तर देणारा व्हिडिओ तुमच्याकडे नसेल तर ती जागा ते भरणारच.

कमेंटमध्ये होणारा हल्ला कसा हाताळायचा?

घरकाम वाटून घेण्यावरची पोस्ट आहे. खाली पहिलीच कमेंट येते: ‘आणि पुरुषांवर खोट्या केसेस होतात त्याचं काय?’ तीन मार्ग असतात. कमेंट उडवणं, आकडेवारी फेकून मारणं, किंवा असं लिहिणं: ‘तुमच्या किंवा जवळच्या कुणाच्या बाबतीत असं झालं असेल तर ते कठीण असतं. त्यावर बोलायचं असेल तर मेसेज करा, आमचा माणूस उत्तर देईल. इथे मात्र आपण घरकामावरच बोलूया.’ तिसऱ्या उत्तरात दुखण्याला जागा आहे आणि विषयालाही कुंपण आहे. ते उत्तर त्या एकट्यासाठी नसतं. गप्प राहून वाचणाऱ्या शेकडो जणांसाठी असतं.

शिवीगाळ, धमकी, कुणाची खासगी माहिती किंवा हिंसेचं समर्थन दिसलं तर मात्र समजावत बसू नका. स्क्रीनशॉट घ्या, काढून टाका, ब्लॉक करा. नियम आधी लिहून पोस्टच्या वर पिन केलेले असले की वाद कमी होतो. आणि हे काम रोज एकाच व्यक्तीवर टाकू नका, विशेषतः संस्थेतल्या तरुण मुलीवर तर नाहीच. त्या मजकुराचा मारा झोप उडवणारा असतो.

एखादा नामवंत चेहरा घ्यावा का?

मिळाला तर नाकारू नका, पण मोहीम त्याच्यावर उभी करू नका. ‘कोचिंग बॉइज इंटू मेन’ या कार्यक्रमात शाळेच्या संघाचे प्रशिक्षक हंगामभर दर आठवड्याला सरावाच्या वेळी दहा-पंधरा मिनिटं मुलांशी आदर आणि संमती यांवर बोलतात. कॅलिफोर्नियातल्या १६ शाळांत त्याची रीतसर चाचणी झाली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत कार्यक्रम घेतलेल्या मुलांनी चुकीचं घडताना मध्ये पडण्याचं प्रमाण जास्त दिसलं. ज्याचं मत मुलाला रोज महत्त्वाचं वाटतं, असा माणूस बोलतो तेव्हा असं होतं. डिजिटल धोरणासाठी याचा अर्थ असा की तुमचा निम्मा मजकूर मुलांसाठी नसावाच. तो प्रशिक्षक, मोठा भाऊ, काका, शिक्षक यांच्या हातात द्यायचा असावा: दोन मिनिटांचा व्हिडिओ आणि त्यानंतर विचारायचे तीन प्रश्न.

बदललेल्या पुरुषांच्या खऱ्या गोष्टी सांगाव्यात ना?

सांगाव्यात, सांभाळून. पूर्वी मारहाण करणारा पुरुष कॅमेऱ्यासमोर रडतो आणि टाळ्या मिळवतो, त्या वेळी जिला मारलं ती कुठे असते? तिची संमती वेगळी आणि स्वतंत्रपणे घेतल्याशिवाय अशी गोष्ट प्रसिद्ध करू नका, नाव बदललं तरीही. संमती मागे घेता येते, हे दोघांनाही लेखी द्या आणि तसं झालं तर व्हिडिओ त्याच दिवशी उतरवा. मोठ्या पश्चात्तापापेक्षा लहान बदलांच्या गोष्टी जास्त कामाच्या: आईच्या आजारपणात रजा कुणी घेतली, मित्र रडला तेव्हा काय म्हटलं. आत्महत्येचा उल्लेख येत असेल तर पद्धत आणि ठिकाण सांगू नका, आणि मदतीचा क्रमांक सोबत द्या.

जाहिरातींसाठी पैसा नाही. मग?

‘गूगल ॲड ग्रँट्स’ या योजनेत पात्र सेवाभावी संस्थांना महिन्याला १०,००० डॉलरपर्यंतच्या शोध-जाहिराती मोफत मिळतात. अट अशी की जाहिरातींवरच्या क्लिकचं प्रमाण दर महिन्याला किमान ५ टक्के राहिलं पाहिजे, आणि एकशब्दी कीवर्ड, म्हणजे ज्या शोधावर जाहिरात दिसते ते शब्द, सहसा चालत नाहीत. वर म्हटलेली रात्री दोनची वाक्यं इथे कामी येतात. ती लांब, नेमकी आणि खऱ्या गरजेची असतात. मात्र प्रत्येक वाक्यासाठी त्याचंच उत्तर देणारं पान हवं. सगळ्या जाहिराती मुखपृष्ठावर नेल्या तर ५ टक्के टिकवले तरी माणूस टिकत नाही.

फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर आरोग्य, धर्म, लैंगिक कल यांसारख्या संवेदनशील विषयांवरून लोक निवडायची सोय मेटानं जानेवारी २०२२ पासून काढून टाकली. मला ते योग्यच वाटतं. नैराश्यात असलेल्या माणसाला ‘आम्हाला माहीत आहे’ असं जाहिरातीनं सुचवणं भीतीदायक असतं.

यश मोजायचं कसं?

फॉलोअर आणि व्ह्यूज अहवालात द्या, पण त्यावर निर्णय घेऊ नका. पानावर आलेल्यांपैकी किती जणांनी ती पहिली कृती केली, किती जण दुसऱ्यांदा आले, गटात आलेल्यांपैकी किती जणांनी ‘ऑनलाइन पाहून आलो’ असं सांगितलं, हे मोजा. दृष्टिकोनातला बदल पाहायचा असेल तर ब्राझीलमधल्या तरुणांसोबत तयार झालेलं आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेलं २४ विधानांचं जेम (जेंडर इक्विटेबल मेन) मापन, म्हणजे स्त्री-पुरुष समानतेबद्दल पुरुषांना काय वाटतं ते मोजणारी प्रश्नावली, जगभर वापरलं जातं. ते स्थानिक भाषेत तपासून घ्या. तरीही पुरुषानं स्वतःबद्दल दिलेलं उत्तर पुरेसं मानू नका. शक्य आणि सुरक्षित असेल तिथे घरातल्यांना विचारा.

खास दिवसांना काही करावं का?

१९ नोव्हेंबरचा आंतरराष्ट्रीय पुरुष दिन आणि २५ नोव्हेंबर ते १० डिसेंबर हे स्त्रियांवरील हिंसेविरुद्धचे सोळा दिवस जवळजवळ जोडूनच येतात. एकच मालिका करा, जी पहिल्यातून दुसऱ्यात जाईल. बाकीचे दिवस सोडून द्या.

संस्थेतल्याच पुरुषावर आरोप झाला तर?

हे कधीतरी होऊ शकतं असं धरूनच तयारी करा. तक्रार कुणाकडे करायची, ती व्यक्ती संस्थेबाहेरची कशी असेल, चौकशी चालू असताना आरोपित व्यक्ती कामापासून आणि कॅमेऱ्यापासून दूर कशी राहील, हे वेबसाइटवर आधीच जाहीर असू द्या. वेळ आली की पहिल्या दिवशी छोटं निवेदन द्या: तक्रार मिळाली आहे, स्वतंत्र चौकशी सुरू आहे, तक्रारदाराची ओळख आम्ही सांगणार नाही आणि कुणी सांगू नये. ‘आमच्या संस्थेची वीस वर्षांची प्रतिष्ठा’ हे शब्द त्यात नकोत. त्या व्यक्तीचे व्हिडिओ गुपचूप उडवू नका. काढले असतील तर काढले असं लिहा. आधीच ठरलेल्या पोस्ट थांबवा, कमेंट उघड्या ठेवा पण तक्रारदाराची ओळख उघड करणाऱ्या तात्काळ काढा. चौकशी संपल्यावर निष्कर्ष आणि केलेली कारवाई त्याच ठिकाणी, तेवढ्याच ठळकपणे प्रसिद्ध करा, मग निकाल कुठल्याही बाजूनं लागो.